डावखुरी पंगत

फोटोसमोर उभ्या राहिल्या की देसाई अक्का हात पाठीमागे बांधायच्या आणि आम्हालाही बांधायला लावायच्या. कुणी फोन काढलाच, तर म्हणायच्या, "आधी डोळ्यानं बघ की! फोटो कुठं पळून जातोय?" अक्का मूळच्या बेळगावच्या, बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या आमच्या कॉलेजात फोटोग्राफी शिकवायच्या. दिसलेलं पोटात ठेवणं त्यांना जन्मात जमलं नाही, आणि त्या दिवशी मला नेमकी त्याचीच धास्ती होती.

त्या आम्हाला फोटोग्राफीच्या संग्रहालयात घेऊन चालल्या होत्या. तिथल्या इंटर्नशिपसाठी शेवटच्या दोघींत माझं नाव होतं, आणि निवड करणारे संचालक स्वतःच आम्हाला दालनं दाखवणार होते. ती मिळाली नाही तर कोरमंगलाची पीजी सोडून पुण्याला परत, असं बाबांनी बजावलं होतं.

"अक्का, आज प्लीज काही बोलू नका," मी बसमध्येच विनवलं.

"सरी, सरी," त्यांनी कानडीत होकार भरला.

मुख्य दालनात भिंतभर एक जुना फोटो होता. लग्नाची पंगत, केळीची पानं, जेवणारे पुरुष. संचालक त्यातल्या प्रकाशाबद्दल भरभरून बोलत होते. अक्का हात मागे बांधून पुढे सरकल्या.

"अख्खी पंगत डावखुरी कशी काय गं?" त्या आम्हाला म्हणाल्या. मग संचालकांना त्यांनी इंग्रजीत सरळ सांगितलं, निगेटिव्ह उलटी छापली आहे.

"तज्ज्ञांनी तपासलाय तो," संचालक ताठरले आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला काय वाटतं?"

मी अक्कांकडे बघितलं. अक्का माझ्याकडे बघेचनात. त्यांचा असा राग आला मला! मग मीही फोटोकडे बघितलं. प्रत्येकाचा डावा हात भातात होता.

"उलटाच आहे, सर. पानांची टोकंसुद्धा जेवणाऱ्यांच्या उजवीकडे आलीत, ती डावीकडे हवीत."

ते तडक निघून गेले. उरलेली दालनं आमची आम्हीच पाहिली.

परतताना माझा आवाज चढला. "नंतर एकट्यात सांगता आलं नसतं का?"

"नंतर म्हंजे कधी? पंगत उठल्यावर?" त्या म्हणाल्या. पण बसमधून उतरेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

इंटर्नशिप दुसरीला मिळाली. मी पुण्याला परतले, अक्का निवृत्त होऊन बेळगावला गेल्या.

यंदा कामासाठी बेंगळुरूला आले, तेव्हा तिकीट काढून त्या दालनात गेले. पंगत उजव्या हातानं जेवत होती. चूक कुणी दाखवली, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तिथूनच अक्कांना फोन लावला.

"अक्का, फोटो सरळ केलाय त्यांनी."



"जेवू देत बिचारे आता नीट," अक्का म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "आणि तू गं? तू जेवलीस काय?"