टोपी खुंटीवर, अप्पा गायब

सकाळी उठले, तर अप्पांची पांढरी टोपी खुंटीवर! आता तुम्ही म्हणाल, टोपी खुंटीवर नसेल तर कुठं असेल? अहो, पण अप्पा घरात नव्हते! आमचे वडील म्हणजे, दारावर पोस्टमन आला तरी आधी टोपी घालणार, मग कडी काढणार. तो माणूस बोडक्या डोक्यानं नवीन जालन्यात हिंडतोय?

आई तीर्थपुरीला मावशीकडं गेल्ती. घरात मी एकटी आणि माझं वाचन. त्या वाचनानंच तर घात केला! रविवारच्या पुरवणीत आलं होतं, की रक्तातल्या चरबीचा आणि अल्झायमरच्या रोग्यांच्या मेंदूत दिसणाऱ्या खुणांचा संबंध असू शकतो, शोध चालू आहे. यातलं ‘असू शकतो’ मी वाचलं, पण मनावर घेतलं नाही. कारण अप्पांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं! दिवाळीपासून मीच त्यांचं तूप आणि भजी बंद केली होती. म्हणजे उशीरच झाला म्हणायचा. आज टोपी विसरले, उद्या मला विसरतील!

तशीच अनवाणी शेजारच्या काकूंकडं धावले. "काकू, अप्पा घर विसरले!"

"काय बोलून राह्यली गं? कालच मला म्हणले, तुमच्या लग्नातलं वरण खारट झाल्तं."

"जुनं आठवतं, काकू! ताजंच विसरतेत. पेपरात आहे!"

काकांनी स्कूटर काढली, चौकातल्या रिक्षावाल्यांना विचारून आले. "एक म्हातारा गेला म्हणतेत इकडून. पण कानटोपीवाला. मरून रंगाची."

"न्हाई न्हाई, आपला बिनटोपीचा आहे!" मीच ठणकावलं. काका बिचारे परत स्टेशनकडं पळाले, बोडकी डोकी बघायला.

मला रडूच फुटलं. "रडती काय?" काकू खेकसल्या. "त्यांचं रक्त जिथं तपासतेत, तिथं फोन लाव. विचार, चरबीनं माणूस इतक्या जल्दी रस्ता विसरतो का म्हणून."

काकूंच्याच फोनवरून नंबर फिरवला. घंटी वाजतेय, वाजतेय, कोणी उचलेना. मनातल्या मनात मी अप्पांना ताटभर भजी कबूल केली, वर तूपसुद्धा! फक्त परत या.

शेवटी खट्ट झालं.

"साहेब, कोलेस्टेरॉलनं माणूस..."

"कोण, बेबी का?"

अप्पा! साक्षात अप्पा!

"अप्पा, तुम्ही तिथं कसे?"

"कसे म्हंजे? काल जेवताना तूच म्हन्लीस न, सकाळी उपाशीपोटी जाऊन रक्त देऊन या, थंडी लई आहे, ती टोपी नको, कानटोपी घाला. आलो घालून. रक्त बी देऊन झालं. मागून पोहे घेऊन येणार होतीस तू, कवाचा वाट बघून राह्यलो. इथले साहेब दुसऱ्याला सुई टोचून राह्यलेत म्हणून फोन मीच उचलला."

मी काकूंना खुणेनं सांगितलं, अप्पा सापडले.

मग पलीकडं अप्पांचा आवाज जरा लांबून आला, "साहेब, ती सुई ठेवू नका. आमच्या पोरीचं बी थोडं रक्त काढा!"