अलाबामाची गोष्ट डिंभ्याला

मंचरच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. आधुनिक अमेरिकेचा पेपर दरवर्षी माझ्याच वाट्याला येतो, कारण दुसऱ्या कुणालाच तो नको असतो. मला मात्र तो मनापासून आवडतो.

मागे एकदा अलाबामातला बसबहिष्कार शिकवत होते. एका काळ्या बाईनं गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला, तिला अटक झाली, आणि शहरातल्या काळ्या लोकांनी ठरवलं की आता बसची पायरी चढायची नाही. वर्षाहून जास्त काळ ते पायी चालले. मी अगदी रंगात आले होते. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं उलटं हाय. बसनंच आमच्यावर बहिष्कार टाकलाय."

सगळा वर्ग हसला, मीही हसले. तास संपल्यावर मात्र ती मागे थांबली. डिंभ्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याकडेला तिचं गाव. संध्याकाळची बस आली तर आली. नाही आली की ही मिळेल त्या जीपनं घोडेगाव गाठणार आणि शेतातली कामं टाकून वडील मोटरसायकलवर न्यायला येणार. आईला याचा वीट आला होता.

"दिवाळीनंतर कॉलेज बंद म्हणती," ती म्हणाली. "तुमी येऊन बोला ना मॅडम. आन् ती बसची गोष्टबी सांगा तिला."

रविवारी मी गेले. आईनं नुसता चहा ठेवला नव्हता, बचत गटाच्या सगळ्या बायकांना देवळाच्या सभामंडपात बोलावून ठेवलं होतं. कॉलेजच्या मॅडम येणार म्हणजे भाषण होणारच, असा त्यांचा समज. मग मी भाषणच केलं. अलाबामाचंच.

वर्गात कधी कुणी विचारले नाहीत असे प्रश्न त्या दिवशी आले. ती बाई काय काम करायची? शिवणकाम, मी सांगितलं. नवऱ्यानं काय केलं? चालणाऱ्या बायका कामाला जायच्या कुठं? मी म्हटलं, बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी धुणंभांडी, स्वयंपाक करायच्या. त्या थकून जातील, येणार नाहीत, या धास्तीनं काही गोऱ्या मालकिणी स्वतः मोटार घेऊन त्यांना आणायला जायच्या. शहराच्या मेयरनं तक्रार केली तरी जायच्या.

यावर जो हशा पिकला! एक म्हातारी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "जातील न्हाई तर काय करतील? भांडी पडली असतील न्हवं!"

मग मी सांगितलं की हे सगळं सुरू होताना एका कॉलेजच्या बाईंनी रात्रभर बसून पत्रकं छापली होती. सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या.

"म्हंजी तिथंबी मॅडमच व्हत्या," मुलीची आई म्हणाली. "मंग तुमी काय छापलं?"

मी घाईघाईनं चहाचा कप तोंडाला लावला. माझी फजिती बघून त्या आणखी हसल्या. पण आई विचारात पडली होती. ती एकदा आगारात जाऊन आली होती. तिथले साहेब तसे भले. म्हणाले, ताई, गाडी रिकामी जाते, पाशिंजर कुठं हायेत? आणि पाशिंजर नव्हते, कारण गाडीचा भरवसा नव्हता म्हणून जो तो जीपला लोंबकळून घरी येत होता.

"आपण बस सोडली तर कुणाला कळणारबी न्हाई," ती म्हणाली. "त्यांनी सोडली, आपण धरू. मंचरला गेलेल्या बाईनं जीपकडं बघायचंच न्हाई. बससाठीच थांबायचं. तिकीटबी निम्मंच हाय आपल्याला."

साहेबांना द्यायचा अर्ज मी तिथंच लिहिला. महिनाभर गाडी नियमानं सोडा, भरायचं आमच्याकडं लागलं, एवढाच मजकूर. साहेबांनी वाचला, हसले, आणि "बघू या" म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम स्टँडवर गेले. बाजाराच्या पिशव्या, कोथिंबिरीच्या जुड्या, एकीच्या हातात नवी कोरी कढई, अशा त्या फलाटावर बसल्या होत्या. जीपवाला दोनदा येऊन गेला. "मावशी, चला की, आत्ता सोडतो!" मावशींनी त्याला शेंगदाणे दिले आणि परत पाठवला. उशिरा का होईना, गाडी लागली. कंडक्टर दार उघडून बघतच राहिला.

"आज जत्रा हाय का कुठं?"

"रोज हाय," म्हातारी म्हणाली आणि खिडकी पकडली.

काही दिवस गाडी चुकलीही. श्रावणात गाड्या भीमाशंकरच्या यात्रेकडे वळल्या तेव्हा बायकांनी फलाटावरच अंताक्षरी खेळली. पण यात्रा सरल्यावर गाडी पुन्हा लागली, आणि मग लागतच राहिली. कंडक्टर सगळ्यांना नात्यानं हाका मारू लागला. एखादी दिसली नाही तर "काकू आजारी हायेत का?" म्हणून विचारू लागला. दिवाळी आली आणि गेली. मुलीचं कॉलेज बंद करण्याचा विषय घरात कुणी काढला नाही. मला त्यांच्याकडून फराळाचा डबा आला, त्यातल्या चकल्या मी स्टाफरूममध्ये कुणाला दाखवल्यासुद्धा नाहीत.

पुढच्या सत्रात कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांचा धडा आला. मजुरी वाढावी म्हणून त्यांनी देशभरातल्या लोकांना द्राक्षं विकत घेऊ नका अशी विनंती केली होती, आणि लोकांनी ती ऐकली होती. मी नुकती सुरुवात केली होती, तोच जुन्नरकडचा एक मुलगा घाईघाईनं उभा राहिला. त्याच्या घरी द्राक्षबाग आहे.

"मॅडम," तो हात जोडून म्हणाला, "ही गोष्ट तेवढी डिंभ्याच्या बायकांना सांगू नका."