सुरमईचा खटला

आमच्या मंडळाला घटना होती. शारजात अल नहदाच्या चार-पाच इमारतींत राहणाऱ्या मराठी कुटुंबांचं हे मंडळ, कुठे नोंदणी नाही की काही नाही, पण अध्यक्षांनी हौसेने नियम टाइप करून घेतले होते. सहलीच्या बसमध्ये मासे-मटण आणायचं नाही, आणल्यास सभासदत्व रद्द, असं त्यात एक कलम होतं.

खोर फक्कानच्या सहलीत ते मोडलं गेलं. आमच्यातला एक रत्नागिरीकडचा फोरमन, बाकीचे पाण्यात डुंबत असताना गुपचूप बंदरावर गेला आणि हातभर लांब सुरमई घेऊन आला. बर्फाच्या पिशवीत घालून ती त्याने मागच्या सीटखाली सरकवली. डोंगर उतरेपर्यंत बर्फ वितळला आणि वळणावळणाला ते पाणी बसभर फिरून आलं. माझ्या नव्या चपला मला टाकून द्याव्या लागल्या.

त्याची बायको सातव्या महिन्यात होती आणि तिला ताज्या माशाचे डोहाळे लागले होते. तिच्या आईचा व्हिसा काही होत नव्हता, म्हणून पुढच्या शुक्रवारी मंडळातल्या आम्ही बायका तिचं डोहाळजेवण करणार होतो. नवऱ्याचं सभासदत्व गेलं की जेवणही गेलं, हे अध्यक्षांनी बसमध्येच जाहीर केलं. ती पोरगी खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. मला चपलांचं वाईट वाटत होतं, पण तिचं जास्त वाटलं.

त्या सुमारास माझे सासरे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आले होते आणि फ्लॅटमध्ये बसून कंटाळले होते. तरुणपणी मुंबईत एका खुनाच्या खटल्यात ते ज्युरीत बसले होते. पुढे आपल्याकडे ज्युरीच बंद झाली, ती त्यांच्यासारखी माणसं मिळेनाशी झाली म्हणून, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. ती हकीकत आम्ही इतक्यांदा ऐकली होती की तो खून आमच्याच स्वयंपाकघरात झाला असावा असं वाटायचं. त्यांनी अध्यक्षांना गाठून सांगितलं, की एकट्याने शिक्षा ठोठावणं शोभत नाही, रीतसर ज्युरी बसवा.

अध्यक्षांना शब्द आवडला. ज्युरीत नऊ बायकाच घ्यायच्या हेही त्यांनीच ठरवलं, कारण बसमध्ये सगळ्यात जास्त आरडाओरडा आम्ही केला होता. नऊ जणींत त्यांची स्वतःची बायकोही होती. निकाल खिशात आहे अशा चेहऱ्याने ते आमच्या हॉलमध्ये येऊन सोफ्यावर बसले.

"बसमध्ये मासे होते की नव्हते? येस ऑर नो?" त्यांनी फोरमनला विचारलं.

"होते ना साहेब. सुरमई होती."

"मग खलास. लेडीज, तुम्ही फक्त हो म्हणा."

माझे सासरे उठून उभे राहिले. "त्यांनी काय म्हणायचं ते तुम्ही सांगायचं नाही. नियम मोडला हे दिसतंच आहे. तरीही या माणसाला सोडावं असं ज्युरीला वाटलं, तर ती सोडू शकते. आणि का सोडलं, हे तिला कुणी विचारायचं नाही. जज्जानेसुद्धा नाही."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्या सगळ्यांच्या व्हिशावर, गृहिणी, नोकरीस परवानगी नाही, असा शिक्का होता. आम्हाला मत विचारलं जायचं ते फार तर पडद्यांच्या रंगाबद्दल, आणि तेही पडदे घेऊन झाल्यावर. आता आमचं मत लागणार होतं आणि वर का असं कुणी विचारू शकणार नव्हतं. मला हे भलतंच आवडलं.

सासऱ्यांनी आम्हाला बेडरूममध्ये कोंडलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. माझ्या नवऱ्याने पाठवलेला चहा त्यांनी परत पाठवला. निकालाआधी ज्युरीने काही खायचं-प्यायचं नसतं म्हणे. आत पहिली दहा मिनिटं बसमध्ये भिजलेल्या साड्यांच्या वासावर गेली. दोघी-तिघी म्हणाल्या, आज ह्याला सोडलं तर उद्या कोणी कोंबडी आणेल. एकजण म्हणाली, रूल तो रूल है. मी सोडा म्हणत होते, पण माझं कुणी ऐकेना.

अध्यक्षांची बायको पलंगाच्या कडेला बसली होती. ती एकदम म्हणाली, "मला सातव्यात ओले काजू हवे होते. फोन करून कुणाकडूनही मागवता आले असते. हे म्हणाले, सीझन संपला. आमच्यासाठी यांनी बस सोडा, कधी एक पिशवीसुद्धा घाण केली नाही."

त्यानंतर साड्यांचं नाव कुणी काढलं नाही. एकीने डोळे पुसले, आणि मीही पुसले, उगाच कशाला लपवू.

आम्ही बाहेर येऊन सांगितलं, निर्दोष, एकमताने. फोरमनच गोंधळून म्हणाला, पण मी आणली होती ना. त्याला त्याच्या बायकोने खाली बसवलं. अध्यक्ष आपल्या बायकोकडे बघत राहिले. "तूसुद्धा? का पण?"

"का विचारायचं नाही," सासरे म्हणाले.

डोहाळजेवण ठरल्या शुक्रवारी झालं, अध्यक्षांच्याच हॉलमध्ये. त्यांच्या बायकोने त्या पोरीची ओटी भरली, तिला स्वतःच्या हाताने घास भरवला. अध्यक्ष खुर्च्या मांडत होते. मी स्वयंपाकघरातून ताटं घेऊन येताना त्यांनी मला अडवलं आणि हळूच विचारलं, की तिने असं का केलं.

मी म्हटलं, तिलाच विचारा. ज्युरी कधीच उठली होती. नवऱ्याने बायकोला विचारायला कुणाची बंदी नव्हती. ते बरं म्हणाले आणि उरलेल्या खुर्च्या मांडायला गेले. त्यांनी विचारलं असेल असं मला वाटत नाही.