धर्माजीकाकाचे कान

आता कुणालाही विचारा, सगळे म्हणतील, आम्ही धर्माजीकाकाला कधी हसलो नाही. साफ खोटं! रेवदंड्याच्या बंदरावर सगळ्यांत मोठ्यानं हसणारा मीच होतो, सदू, तो होता त्याच मचव्यावरचा खलाशी. उगाच साव कशाला व्हायचं?

घोळ मासा पाण्याखाली थव्यानं फिरतो आणि टर्रटर्र आवाज करतो. वल्ह्याचं पातं पाण्यात बुडवायचं, वरच्या दांड्याला कान लावायचा आणि थवा कुठल्या अंगाला आहे ते सांगायचं. सोपं वाटतं ना? लावून बघा एकदा! आमच्या मचव्यावर तीस वर्षं ते काम काकाचं. तो बोट दाखवायचा, आम्ही तिकडं जाळं टाकायचो.

एकोणसाठ साली काकाच्या पुतण्यानं, बुधाजीनं, मचव्यात इंजिन बसवलं. मचव्याचा मालक, तांडेल, तोच. नारळ फुटले, पेढे वाटले. वडीलधारा माणूस म्हणून काकाला इंजिनाशेजारची जागा दिली, ऊबदार, वारा न लागणारी. मानाची म्हणून दिलेली ती जागाच त्याला नडली.

दोन महिन्यांत काकाच्या डाव्या कानात शिटी वाजायला लागली. घरी त्याची बायको, सोनाबाई, हाका मारमारून दमायची. तिनं लसूण घालून तेल कढवलं, आपल्याकडं दुसरं करतात काय! काकानं वाटी बाजूला सारली आणि तडक अलिबागच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टर म्हणाला, गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा. इंजिनापासून लांब बसा, कान झाका, तेल ओतू नका, काडी घालू नका.

दुसऱ्या दिवशी काका बंदरावर आला तो कानांत मेण चोळलेल्या कापसाचे बोळे घालून. वरून सोनाबाईच्या जुन्या लुगड्याची पट्टी गच्च आवळलेली.

"काय काका, बाळंतीण झालात काय?" मी ओरडलो. सगळं बंदर खिदळलं.

बोळ्यांतूनही त्याला ऐकू गेलं. "व्हय, झालो. बारशाला ये," म्हणाला आणि मचव्याच्या पार पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसला.

बुधाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काका, लोकं हसत्यात. आनि तिथं लाटा अंगावर येतील."

"भिजलो तर सुकंन. कान गेला तर कुठनं आनू?"

खरं भांडण पुढंच होतं. काका म्हणे, मासा शोधताना इंजिन बंद कर. बुधाजी म्हणे, हँडल मारून परत चालू करताना जीव जातो, आणि इंजिन आल्यावर कान हवेत कशाला? हवेत कशाला म्हणे! दोन महिने समुद्रभर फिरलो आणि जवळपास रिकामे परतलो. शेवटी एका सकाळी काका इंजिनासमोर पाय रोवून उभा राहिला.

"एकदा बंद कर. मला ऐकू न्हाय आलं तर उद्यापासून बायकांत बसून बोंबील वाळत घालीन. तुझ्या मचव्यावर पाय ठेवनार न्हाय."

बुधाजीनं इंजिन बंद केलं. काकानं बोळे काढले, डावा कान दांड्याला लावला. काही नाही. त्याचा चेहराच पडला. देवा रे, हा माणूस आता खरंच बोंबील वाळवणार! मग त्यानं उजवा लावला आणि डोळे मिटले.

"तिकडं," काका म्हणाला.

जाळं ओढताना आमचे खांदे निखळायचे बाकी राहिले. त्या दिवसापासून मासा शोधताना इंजिन बंद व्हायला लागलं. कापूस मात्र आमच्यातल्या एकानंही घातला नाही. आम्ही मर्द ना! बुधाजी तर दिवसभर इंजिनाला खेटूनच असायचा.

चार वर्षं गेली. काका साठीला आला. एका दुपारी, पाणी अगदी शांत असताना, त्यानं बुधाजीच्या हातात वल्हं दिलं.

"माझा एकच कान उरलाय, तो काय जन्माला पुरनार न्हाय. शीक आता."

बुधाजीनं दांड्याला कान लावला. कपाळाला आठ्या घातल्या. दुसरा कान लावला. मग माझ्यावर खेकसला, "सद्या, आधी ते इंजिन बंद कर की! ऐकू काय कपाळ?"

मी काकाकडं बघितलं. इंजिन केव्हाचं बंद होतं.

काकानं कनवटीचे बोळे काढले, पुतण्याच्या दोन्ही कानांत कोंबले, वरून पट्टी आवळून गाठ मारली. मग उरलेला कापूस घेऊन तो माझ्याकडं वळला.

"ये पुढं. हसायला पुढं हुतास ना?"

मी गेलो पुढं.