कोठीची किल्ली

दामिनीचा राग सौंसर गावाला ती बारा वर्षांची असल्यापासून ठाऊक आहे. मामेबहिणीच्या लग्नात तिला कोठीवर बसवलं होतं. कोठी म्हणजे बुंदी-शेवेची खोली, आणि तिथं बसेल त्याच्या कमरेला किल्ली. नवरदेवाचे काका पंगतीच्या आधीच ताटभर बुंदी मागायला आले, तर या पोट्टीनं कुलूप घातलं आणि पायरीवर फतकल मारून बसली. काका फुगले, मामी रडकुंडीला आली. पण शेवटच्या पंगतीपर्यंत बुंदी पुरली. तेव्हापासून तिचं नाव कोठीवाली.

आता ती चौतिशीची आहे. पुण्यात सात वर्षं मोटारींच्या कारखान्यात काढली, वडिलांना लकवा झाला म्हणून घरी परतली आणि बोरगावच्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिथं संत्र्याचे क्रेट वाहणारी, बॅटरीवरची तीनचाकी बनते. दामिनीचं काम एकच, गाडीतलं काही बिघडलं तरी माणूस मरू नये हे बघायचं.

पहिल्याच आठवड्यात प्रकल्पाचे प्रमुख विनोदसर यांनी भिंतीवर यादी लावली. कोणत्या कामाला कोण जबाबदार, अशा अकरा ओळी. नऊ ओळींपुढे दामिनी. आणि शेवटची ओळ, गाडी बाहेर सोडायची की थांबवायची, तिच्यापुढे विनोदसर स्वतः! दामिनीनं तोंडावर सांगितलं, "सर, मले नाव नोको, किल्ली पायजे." सर हसले. एवढी मोठी जबाबदारी दिली, हा मानच समजा, म्हणाले. मान कसला डोंबलाचा? बुंदी संपली की हिला धरायचं, आणि कुलूप मात्र हे उघडणार. त्या किल्लीसाठी तिनं चौदा महिने सरांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. चाचणीचा चालक राजू लोधीखेड्याच्या रस्त्यावर गाडी पळवत होता. वेगाची मूठ त्यानं सोडली तरी गाडी पळतच राहिली. ब्रेकवर उभा राहिला तेव्हा कुठं ती एका शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, धडकून थांबली. राजूचं मनगट मोडलं. दामिनीनं मूठ उघडून पाहिली. आत दोन सेन्सर ठरले होते, दोघांचं एकमत असलं तरच गाडी पुढे जाईल असे. होता एकच. दुसरा तिला न विचारता काढला होता, खर्च वाचावा म्हणून!

तिनं लिहून दिलं, गाडी थांबवा. विनोदसरांनी अहवाल केला, चालकाची चूक. खाली 'तपासणार' म्हणून दामिनीचं नाव छापलं. म्हणजे काम हिचं, ते तपासणारी हीच, आणि निकाल आधीच लिहिलेला. असा निर्लज्जपणा तिनं पुण्यातही पाहिला नव्हता. तिनं सही केली नाही. प्लास्टरमधला हात घेऊन राजू आला आणि म्हणाला, "ताई, माही चूक लिहून रायले म्हणते. मूठ तं मी सोडली होती." मला माहीत आहे, ती म्हणाली.

आंबिया बहाराची संत्री निघायच्या तोंडावर वीस गाड्या हार घालून अंगणात उभ्या राहिल्या. त्या विकत घेणाऱ्या कंपनीनं नागपूरहून तपासणीला प्रतिभाताईंना पाठवलं. चष्मा लावून त्यांनी भिंतीवरची यादी वाचली आणि विचारलं, ही गाडी थांबवायचा अधिकार कोणाला आहे?

विनोदसरांना नियम पाठ होता. ज्याला गाडी वेळेत काढायची घाई, त्याच्या हाती हा अधिकार नसावा. डोळ्याची पापणी न हलवता ते म्हणाले, "दामिनी मॅडमला. पूर्ण अधिकार त्यांचाच. यादी जुनी आहे."

दामिनीचा चौदा महिन्यांचा संताप उसळला. खोटं बोलणं यांना पाणी पिण्याइतकं सोपं. पण ती भांडली नाही. भिंतीवरची यादी काढून तिनं सरांसमोर ठेवली. म्हणाली, तसं लिहून द्या. प्रतिभाताई बघत होत्या, करणार काय? सरांनी स्वतःचं नाव खोडलं, दामिनीचं लिहिलं, तारीख घालून सही केली.

दामिनीनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"मी वीसच्या वीस गाड्या थांबवल्या," ती म्हणाली. "दुसरा सेन्सर बसल्याबिगर एकही फाटकाबाहेर जाणार नाही." मग तिनं राजूचा अहवाल सरांपुढे सरकवला. "आन् सर, चालकाची चूक लिहिलं ना, ते खोडा आधी."

पेन अजून विनोदसरांच्या हातातच होतं.