पहिल्या ओळीतली बंदी

"अहो, नेट कुठं घालवलंत!" बायको आतल्या खोलीतून अशी ओरडली की भिंगारच्या बाजारात भाजीवाल्यांनी तराजू खाली ठेवले असतील.

अकरा वाजता लॅपटॉपवर तिची मुलाखत होती. सहा वर्षं तासिकेवर शिकवल्यानंतर कायम नोकरीसाठी आलेलं हे पहिलं बोलावणं, आणि घड्याळात साडेदहा. नेट मीच घालवलं होतं. तेही तिच्याच भल्यासाठी.

त्याचं असं झालं. आमच्या वायफायचा पासवर्ड कधी फुटला कुणास ठाऊक, पण अर्धं भिंगार आमच्या जिवावर नांदत होतं. रिक्षावाले आमच्या भिंतीला टेकून आख्खा सिनेमा बघायचे, मगच भाडं घ्यायचे. शेजाऱ्याला धार काढताना मोबाईलवर भजनं लावायची सवय. आमचं वायफाय बंद असलं की त्याची म्हैस पान्हा चोरायची. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नसेल पटत तर म्हशीला विचारा.

तर मुलाखतीच्या वेळी गल्लीनं नेट ओढू नये म्हणून सकाळी चहा पिता पिता मी राउटरची फायरवॉल लावायला घेतली. म्हणजे राउटरला यादी लिहून द्यायची, कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं. यादी म्हटल्यावर मला लग्नपत्रिका आठवली. पत्रिकेत घरातलं थोर माणूस सगळ्यात वर. मग नियमांत थोर नियम कोणता? 'सगळ्यांना बंदी.' त्याला मानानं पहिल्या ओळीत बसवलं. खाली परवानगीवाले: माझा फोन, तिचा लॅपटॉप, हॉलमधला टीव्ही. सेव्ह केलं आणि स्वतःवर खूष होऊन दुसरा चहा मागितला.

आता राउटरचं पान तेवढं उघडत होतं, बाकी जग बंद. मी तिचा लॅपटॉप यादीत पुन्हा लिहिला. ढिम्म. घाबरून एकूण नऊ वेळा लिहिला. उखाण्यातसुद्धा मी तिचं नाव इतक्यांदा घेतलेलं नाही. मोबाईलची रेंज आमच्याकडे फक्त गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर मिळते. पावणेअकराला बायको रेशमी साडी खोचून, लॅपटॉप काखेत मारून शिडीला लागली.

ओसरीवर वडील दाढी करत होते. लष्कराच्या डेपोच्या फाटकावर तीस वर्षं पहारा केलेला माणूस. कॉम्प्युटरला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. काय लिहिलंय ते वाच, म्हणाले. मी वाचायला लागलो. पहिल्या ओळीलाच त्यांचा वस्तरा थांबला.

"असा कागद मला फाटकावर दिला असता, तर साहेबाची जीपबी मी रस्त्यावर उभी केली असती. पयल्याच ओळीत सगळ्यांना बंदी हाय, मग खालचं वाचतो कोण? आधी सोडायचं कुणाला ते लिही. बंदी पार तळाला ने."

ओळ तळाला नेली. अकराला पाच कमी असताना नेट आलं. बायकोला टाकीवरून उतरवलं, पदर सारखा करून खुर्चीत बसवलं. दाराबाहेर मी आणि अर्ध्या दाढीचे वडील, श्वास रोखून. रस्त्यावर रिक्षावाले फोन आभाळाकडे धरून फिरत होते.

साडेअकराला ती बाहेर आली. जणू सगळं माझ्यामुळंच पार पडलं अशा आवाजात मी विचारलं, काय काय विचारलं त्यांनी?

"शिकवताना मध्येच नेट गेलं तर काय कराल, असं विचारलं."

"मग? काय सांगितलंस?"

"सवय आहे, म्हटलं."