अंबाडा

संगीत नाटकात मी नायिकेचं काम करत असे. गाणं बुवांनी शिकवलं, पण बाई व्हायला शिकवलं ते आईनं. गिरगावातल्या आमच्या खोलीत ती माझे लांब केस विंचरी. "अंबाडा घट्ट असला की मान आपोआप बाईची होते," म्हणे. आकडे कमी पडले तर स्वतःच्या अंबाड्यातले काढून माझ्या केसांत खोची.

वडील गेले. मी थोरला, माझं मुंडण व्हायलाच हवं होतं. पण नाटक कंपनीच्या मालकांना टोप चालत नसे. नायिकेचे केस खरेच हवेत हा त्यांचा हेका. मग काकांनी भटजींकडून प्रायश्चित्ताची पळवाट काढली आणि माझे केस वाचले. आईसाठी मात्र कुणीच पळवाट शोधली नाही. दहाव्या दिवशी न्हावी आला. मी ओरडलो, काकांचे पाय धरले. "रीत आहे," म्हणाले. तेच काका, तेच भटजी!

तेराव्यानंतर पहिला खेळ होता. माझ्या हातून अंबाडा काही केल्या बसेना. लाल आलवण नेसलेली आई कोपऱ्यातून उठली, माझ्यामागे येऊन बसली. तिनं अंबाडा घातला. आकडे कमी पडले. सवयीनं तिचा हात स्वतःच्या पदराखाली गेला आणि तिथंच राहिला.